वाचक विचारतात : सूर वाजतच का राहतो?

प्रश्न : दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी काकडआरतीच्या सरावासाठी मी पायथॉन या संगणकभाषेत रचलेली सुरावट मिडी (संगणक व वाद्ये जोडण्याची पद्धत) केबलने सिंथेसायझरवर पाठवतो; परंतु प्रोग्रॅम मध्येच थांबवला, की एखादा सूर वाजतच राहतो. असे का होते?

उत्तर : मिडीच्या तारेतून आवाज नव्हे, केवळ आज्ञा जातात, आणि ‘सूर सुरू’ ही आज्ञा मिळालेले वाद्य ‘सूर बंद’ येईपर्यंत तो सूर धरून ठेवते. म्हणून प्रोग्रॅम कसाही संपला, तरी वापरलेल्या प्रत्येक चॅनेलवर (मिडीतील आज्ञांच्या स्वतंत्र मार्गावर) १२३ क्रमांकाचा कंट्रोलर, म्हणजेच ‘सर्व सूर बंद’ ही आज्ञा, ० या मूल्यासह, पाठवण्याची तजवीज पायथॉनच्या ‘फायनली’ भागात (प्रोग्रॅम अडखळून थांबला तरी चालणाऱ्या भागात) अवश्य करावी. एखादे वाद्य ही आज्ञा जुमानत नसेल, तर ० ते १२७ हे सूर एकेक करून बंद करावेत. यात वेळही फारसा जात नाही : मिडीच्या सेकंदाला ३१,२५० बिट्स या वेगाने तीन बाइटच्या एका आज्ञेस जेमतेम १ मिलिसेकंद लागतो. केबलच निसटली असल्यास मात्र वाद्य बंद करून पुन्हा सुरू करावे.