वाचक विचारतात : पोरांची बॅटरीवरची रेस गाडी

या वेळी इलेक्ट्रिक रेस गाडीबद्दल तीन पत्रं आलीत, खानापूर, निपाणी आणि उद्यमबागेतून. विषय एकच आहे म्हणून एकत्रच घेतोय.

प्रश्न : सर, मी खानापूरचा, बेळगावात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही काही मित्र मिळून फॉर्म्युला स्टुडंट या कॉलेजच्या पोरांच्या रेस गाडी स्पर्धेसाठी इलेक्ट्रिक गाडी करायची म्हणतोय. सीनियर म्हणतात, आधी पेट्रोलची करा. परदेशातली पोरं एका सेकंदाच्या आत शंभरचा स्पीड गाठतात म्हणे, मग आमचा निभाव लागणार का?

उत्तर : करा की, इलेक्ट्रिकच करा, पण त्या एका सेकंदाकडं बघून नको. ती बातमी खरी आहे, झुरिक आणि लुसर्नच्या विद्यार्थ्यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये ० ते १०० फक्त ०.९५६ सेकंदात गाठलं, तेही १२.३ मीटर अंतरात, गाडीचं वजन साधारण १४० किलो. पण ती गाडी फक्त विक्रमासाठी पळवलेली होती. स्पर्धेत बॅटरीतून ८० किलोवॅटच्या वर ताकद घेताच येत नाही, सगळ्यांना तीच मर्यादा.

आणि मार्क कुठं आहेत ते बघा. एकूण १००० पैकी साधारण तिसरा हिस्सा डिझाइन, कॉस्ट आणि बिझनेस प्लॅनला, म्हणजे गाडी उभी असतानाच मिळतो, आणि धावण्यात सगळ्यात मोठा वाटा एन्ड्युरन्सचा, म्हणजे लांब पल्ल्याच्या फेरीचा, साधारण २२ किलोमीटर, मधे ड्रायव्हर बदलायचा आणि गाडी बंद न पडता शेवटपर्यंत न्यायची. तिथवर पोचायच्या आधीच कितीतरी टीम तपासणीत अडकतात. गाडी ६० अंशाला तिरकी करून बघतात, ब्रेक मारल्यावर चारी चाकं लॉक व्हायला लागतात, आणि इलेक्ट्रिक गाडीवर तर पाणी फवारतात, त्यात इन्सुलेशन थोडं जरी ढासळलं तरी गाडी स्वतःहून बंद पडते आणि तुम्ही बाहेर. आपल्याकडं पाऊस भरपूर, त्याचा उपयोग करा, जुलै-ऑगस्टमधे कनेक्टर आणि बॉक्स पावसाच्या पाण्यात धरून तपासून घ्या.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी मागं एकच मोटर, चेन ड्राइव्ह, स्टीलच्या पाइपची चासी, बस्स. कार्बन फायबर आणि चार मोटरी पुढच्या बॅचसाठी ठेवा. फॉर्म्युला भारत, म्हणजे आपल्या देशातली अशीच स्पर्धा, कोइमतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर साधारण जानेवारीच्या सुमारास भरत आलीय, म्हणजे दिवाळीच्या आत गाडी स्वतःच्या चाकांवर पळालीच पाहिजे, नाहीतर सगळं टेस्टिंग ट्रकमधे चढवायच्या आदल्या रात्री होतं आणि त्याला टेस्टिंग म्हणत नाहीत. ड्रायव्हर तयार करायला कोल्हापूरला गो-कार्टचा ट्रॅक आहे, तिथं जा. आणि टीममधे नुसती मेकॅनिकलची पोरं नकोत, इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्सवाली पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या, बॅटरीचं काम शेवटी जोडायचं नसतं, चासी तिच्याभोवती आखायची असते.

प्रश्न : माझा मुलगा अशाच टीममधे आहे. रात्र रात्र कॉलेजच्या वर्कशॉपमधे असतो, चारशे व्होल्टची बॅटरी बनवतोय म्हणतो. मला झोप लागत नाही. थांबवू का? (एक आई, निपाणी)

उत्तर : ताई, तुमची काळजी अगदी बरोबर आहे, मी ती उडवून लावणार नाही. घरातला करंट २३० व्होल्ट, हा त्याच्या जवळजवळ दुप्पट आणि तोही डीसी, डीसीची ठिणगी एकदा पेटली की एसीसारखी सहज विझत नाही. पण म्हणूनच नियम फार कडक आहेत. बॅटरी १२० व्होल्टच्या आतल्या तुकड्यांत विभागावी लागते, हे तुकडे काम करताना एकमेकांपासून सोडवून ठेवता येतात. बॉक्समधे दोन कॉन्टॅक्टर, म्हणजे करंट तोडणारे मोठे स्विच, असतात, प्लसला एक आणि मायनसला एक, आणि इमर्जन्सी बटण दाबलं, सेल फार तापला, इन्सुलेशन बिघडलं, यातलं काहीही झालं की दोन्ही आपोआप उघडतात आणि पुढच्या ५ सेकंदांत बॅटरीबाहेरचं व्होल्टेज ६० च्या खाली यावं लागतं. गाडीवर एक दिवा असतो, लाल लुकलुकत असेल तर हाय व्होल्टेज चालू, हिरवा असेल तर बंद.

तरी पण हे सगळं गाडी पूर्ण झाल्यावरचं संरक्षण झालं. खरा धोका बॅटरी जोडत असताना असतो, रात्री दोन वाजता, झोप अनावर झालेली, आणि कुणीतरी म्हणतं एवढं एकच कनेक्शन राहिलंय. म्हणून थांबवू नका पण त्याला बसवून विचारा, बॅटरीचं काम करताना दुसरा माणूस शेजारी असतो का, हजार व्होल्टचे रबरी हातमोजे आणि इन्सुलेटेड पाने आहेत का, बोटातली अंगठी आणि हातातलं कडं काढतो का, टीमच्या इलेक्ट्रिकल सेफ्टीला जबाबदार कोण, आणि सरांपैकी कोण हजर असतं. यातल्या एकाचं जरी उत्तर गुळमुळीत आलं तर सरळ कॉलेजमधे फोन लावा, मुलगा रागावला तरी चालेल. बॅटरीचं काम दिवसा उजेडातच, एवढा शब्द त्याच्याकडून घ्याच.

प्रश्न : माझं उद्यमबागेत छोटं मशीन शॉप आहे. दरवर्षी पोरं ड्रॉइंग घेऊन येतात, फुकट करून द्या म्हणतात. किती मदत करावी?

उत्तर : भाऊ, जमेल तेवढी करा, फाउंड्री आणि लेथ कॉलेजच्या इतक्या जवळ असणं हे बेळगावच्या पोरांचं मोठं बळ आहे, आणि तुमच्यासारखी माणसं त्यांना जे दाखवतात ते क्लासरूममधे मिळत नाही. पण जॉब तयार करून हातात देऊ नका, त्यांना मशीनशेजारी उभं करा. ड्रॉइंगवर बेअरिंगच्या बोअरला टॉलरन्स, म्हणजे माप किती कमीजास्त चालेल ते, लिहिलेला नसेल तर ड्रॉइंग परत पाठवा, दुसऱ्यांदा नीट करून आणतील. आणि पैसे नाही घेतले तरी किती तास लागले, मटेरियल किती गेलं, रेट काय पडला असता हे कागदावर लिहून द्या, कॉस्टच्या फेरीत परीक्षक प्रत्येक पार्टची किंमत कशी आली ते विचारतात आणि तेव्हा हा कागद पोरांच्या हातात असायला पाहिजे.