‘प्रो हॅक व्हायसी’ मराठीत कसे आणावे?

प्रश्न असा: अमेरिकेतल्या एका संघीय न्यायालयाच्या आदेशात ‘मोशन फॉर अ‍ॅडमिशन प्रो हॅक व्हायसी ग्रँटेड’ एवढीच ओळ आहे. ‘तात्पुरत्या वकिलाचा प्रवेश मंजूर’ असे भाषांतर चालेल का?

नाही चालणार. ‘तात्पुरता’ म्हटले की मुदत आठवते, शिवाय पक्का माणूस मिळेपर्यंत भागवून घ्या, असा कमीपणाही त्याला चिकटतो. हा वकील परराज्यातला असला तरी पक्काच असतो, स्वतःच्या राज्याची वकिलीची सनद बाळगून असतो. परवानगी फक्त एका प्रकरणाची. ते सात वर्षे रेंगाळले तर सातही वर्षे तो बाजू मांडू शकतो. पण त्याच न्यायालयात दुसरे प्रकरण घेतले की पुन्हा अर्ज.

लॅटिनमध्ये ‘हॅक’ म्हणजे ‘या’ आणि ‘व्हायसी’च्या मुळाशी आहे खेप, पाळी. थोडक्यात, ‘या खेपेपुरता’. ‘व्हाइस व्हर्सा’मधला आणि व्हाइस चान्सलरमधला ‘व्हाइस’ याच घराण्यातला. दुर्गुण या अर्थाचा इंग्रजी ‘व्हाइस’ मात्र वेगळ्या मुळाचा. तिकडची वकील मंडळी सगळे शेपूट कापून नुसते ‘प्रो हॅक’ म्हणतात.

‘पुरता’ हा आपला प्रत्यय इथे अगदी चपखल बसतो. ‘खटल्यापुरती’ म्हणावे, तर आपल्याकडे दिवाणी तो दावा आणि फौजदारी तो खटला, असा भेद कोर्टात पाळतात. म्हणून ‘प्रकरणापुरती’ बरे. ‘अ‍ॅडमिशन’ला ‘प्रवेश’ नको, कॉलेजची यादी लागल्यासारखे वाटते. ‘परवानगी’च हवे, कारण हा हक्क नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1979 साली ‘लीस विरुद्ध फ्लिंट’मध्ये तसे म्हटले आहे. ते प्रकरण ओहायोच्या राज्य न्यायालयातले, वकील न्यूयॉर्कचे. संघीय जिल्हा न्यायालयांचे नियम आपापले. सहसा सनद चालू असल्याचा दाखला आणि शुल्क लागते, काही ठिकाणी सोबत स्थानिक वकीलही लागतो. (तिथला ‘जिल्हा’ आपल्या पुणे-साताऱ्यासारखा समजू नका. अख्खे मॅसॅच्युसेट्स एकच जिल्हा आहे, न्यूयॉर्क राज्यात चार.)

वकिलाला ‘परप्रांतीय’ तर अजिबात म्हणू नये. त्या शब्दाला आपल्याकडे राजकारणाचा वास आहे. ‘परराज्यातील’ पुरे. तेव्हा ओळ अशी करा: ‘परराज्यातील वकिलांना या प्रकरणापुरती बाजू मांडण्याची परवानगी मिळावी, हा अर्ज मंजूर.’ लांबली खरी, पण पक्षकाराला एका वाचनात कळेल.

आपल्या कायद्यात याला नेमका जोड शोधू नका. अधिवक्ता अधिनियम, 1961 मधले कलम 30 हे 2011 पासून लागू झाले, त्यामुळे महाराष्ट्र-गोव्याची सनद दिल्लीतही चालते. अलाहाबाद उच्च न्यायालयात बाहेरच्या वकिलाला तिथला वकील सोबत घ्यावा लागतो, तो नियम सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये उचलून धरला. त्याचे ‘प्रो हॅक’शी थोडे साम्य आहे. कलम 32 मध्येही ‘विशिष्ट प्रकरणात’ परवानगी देण्याची सोय आहे, पण ती ज्याच्याकडे सनदच नाही अशा माणसासाठी. ते कलम तळटीपेत दिलेत तर वाचक या वकिलालाही बिनसनदी समजेल.