नजराणा आला, कांदा अडला

मागच्या अंकात परदेश दौऱ्यांतल्या भेटवस्तूंवर एक टिपण होतं: कोणत्या मित्रदेशाच्या नेत्याला काय दिलं, तिकडून काय आलं. त्यावर जिल्हाभरातून पत्रं आली. बहुतेकांचा रोख एकच, की या देण्याघेण्यानं दोन देशांत खरंच काही फरक पडतो का? त्यातले सहा प्रश्न इथे घेतले आहेत. कांद्याचं उत्तर लांबलं आहे. नाशिकच्या वाचकाला त्याचं नवल वाटणार नाही.

बांगलादेशाच्या हिलसा माशाचं आणि आंब्याचं कौतुक करायचं, आणि आपला कांदा मात्र रात्रीतून बंद करायचा. मग मैत्री कसली? आणि ‘मित्रदेशांना खास परवानगी’ म्हणजे नेमकं काय असतं? – कांदा उत्पादक, निफाड तालुका

आधी तारखा शेजारी शेजारी ठेवू. २९ सप्टेंबर २०१९ ला केंद्रानं कांदा निर्यात बंद केली. चार-पाच दिवसांत बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि उद्योजकांसमोर चक्क हिंदीत म्हणाल्या की मी स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हणून सांगितलंय, आधी कळवलं असतं तर दुसरीकडून सोय केली असती. सभागृह हसलं. पण त्यातली तक्रार नीट ऐका: ती बंदीबद्दल नव्हती, न सांगता केलेल्या बंदीबद्दल होती. त्याच हंगामात ढाक्यानं स्वतःची जुनी निर्यातबंदी बाजूला ठेवून दुर्गापूजेसाठी ५०० टन हिलसा पश्चिम बंगालला पाठवायला परवानगी दिली होती.

पुढच्या वर्षी तेच. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंदी, आणि त्याच सुमारास पूजेच्या हिलशाचे ट्रक पेट्रापोल सीमेवरून आत येत होते. या वेळी ढाक्यानं लेखी नाराजी कळवली, पूर्वसूचना द्यायचं आपलं ठरलं होतं ना, अशी. मग सीमेवर अडकलेल्या मालापैकी २५,००० टनांना वाट मिळाली. तोवर सडायचं ते सडलं होतं.

हे नेमकं सप्टेंबरातच का होतं, हे निफाडकरांना सांगायला नको. चाळीतला उन्हाळ कांदा तोवर घटायला आणि कोंब धरायला लागलेला असतो, लाल कांदा बाजारात यायला अवकाश असतो. त्या फटीत भाव चढतो आणि दिल्ली घाबरते. पलीकडे तेव्हाच पूजेची खरेदी चालू असते. म्हणजे मित्राला आपली गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच आपण दार लावतो. पुढे जुलै २०२१ मध्ये हसीनांनी २,६०० किलो हाडीभांगा आंबे पाठवले, फोटो छापून आले. पण तिथल्या व्यापाऱ्यानं तोवर म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तान, पाकिस्तान अशी पर्यायी नावं वहीत लिहून ठेवली होती.

आता ‘खास परवानगी’. डिसेंबर २०२३ मध्ये बंदी आली आणि १ मार्च २०२४ ला बांगलादेशासाठी ५०,००० आणि संयुक्त अरब अमिरातीसाठी १४,४०० टनांची वाट उघडली. पद्धत अशी: त्या देशाचं सरकार आपल्या सरकारकडे मागणी नोंदवतं, परराष्ट्र खात्याचा होकार मिळाला की विदेश व्यापार महासंचालनालय देश आणि टन लिहून अधिसूचना काढतं, आणि माल पाठवायचं काम ‘नॅशनल कोऑपरेटिव्ह एक्सपोर्ट्स लिमिटेड’कडे जातं. ही संस्था ई-निविदेतून सर्वांत कमी दराच्या पुरवठादाराकडून कांदा घेते आणि समोरच्या देशानं नेमलेल्या एजन्सीला वाटाघाटीच्या दरानं, शंभर टक्के आगाऊ पैसे घेऊन देते. खरेदीचा दर आणि परदेशातला दर यांतली तफावत बघून लासलगाव, पिंपळगावात संताप झाला तो इथे. एप्रिलअखेर सहा देशांसाठी मिळून ९९,१५० टनांचा आकडा जाहीर झाला, पण त्याच्या एक-दोन दिवस आधी गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २,००० टनांची स्वतंत्र सूट दिल्यानं त्याची गोडी केव्हाच गेली होती. ४ मे ला बंदी उठली, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून.

आमचं मत स्पष्ट आहे. जो माल समोरचा रोख पैसे मोजून एरवी घेतच होता, तो आधी अडवायचा आणि मग मोजून सोडायचा, याला भेट म्हणत नाहीत. घेणाऱ्याला ते अर्ज करून मिळवलेलं रेशन वाटतं. बंदी घालायचीच असेल तर निदान पंधरा दिवसांची पूर्वसूचना आणि वाटेतला, बिल फाडलेला माल वगळणं, एवढं केलं तरी निम्मी कटुता टळते.

अमेरिकेच्या अध्यक्षांनी आंबा मागितला आणि तो लासलगावातून गेला, असं ऐकलं. हापूस आणि लासलगाव? – विद्यार्थिनी, लासलगाव

खरं आहे. मार्च २००६ मध्ये जॉर्ज बुश दिल्लीत आले. अणुकराराच्या घोषणेच्याच पत्रकार परिषदेत त्यांनी भारतीय आंबे खायला आम्ही उत्सुक आहोत असं सांगितलं. वाक्य हलकंफुलकं, पण फळमाशी आणि कोयीतला भुंगा यांच्या धास्तीनं अमेरिकेनं आपला आंबा कित्येक वर्षं अडवलेला होता. उपाय होता विकिरण, म्हणजे मालावर किरणांचा मोजून मारा. भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ केंद्र लासलगावात आधीच उभं होतं, कांद्यासाठी. कांद्याचा कोंब रोखायला ६० ते ९० ग्रे (हे किरणांची मात्रा मोजायचं एकक) इतकी मात्रा पुरते. आंब्यातल्या किडीची पुढची पिढी थांबवायला किमान ४०० ग्रे लागते आणि अमेरिकेत ताज्या फळाला १,००० ग्रेच्या वर जाता येत नाही.

त्यासाठी फळ आधी ५२ अंशांच्या आसपासच्या पाण्यात तीनेक मिनिटं धरतात, निवडून खोक्यात भरतात, मग खोकी किरणं सोडणाऱ्या कोबाल्ट-६० च्या भोवती फिरतात. अडचण खोक्याच्या मधोमध असते. तिथे मात्रा सर्वांत कमी पोहोचते, कडेला सर्वांत जास्त. मधल्या फळाला ४०० मिळावेत म्हणून वेळ वाढवली तर कडेच्या फळाची साल डागाळते. म्हणून खोक्याचा आकार आणि भरण्याची पद्धत ठरवून दिलेली असते, आणि अमेरिकी निरीक्षकासमोर काम चालतं.

एप्रिल २००७ मध्ये १५० पेट्यांची पहिली खेप न्यूयॉर्कला उतरली. बदल्यात आपण ८०० सीसीच्या वरच्या मोटारसायकलींची, म्हणजे हार्ले-डेव्हिडसनची वाट मोकळी केली. बुश यांचं वाक्य टिकलं ते त्याच्या मागे यंत्र, मात्रा आणि निरीक्षक उभे राहिले म्हणून. उलट बाजूही बघा: मे २०२५ मध्ये नवी मुंबईत विकिरण केलेल्या पंधरा खेपा अमेरिकेनं विकिरणाच्या कागदपत्रांत त्रुटी काढून नाकारल्या. परत आणण्याचा खर्च परवडेना, माल तिथेच नष्ट करावा लागला.

आमची पैठणी पाहुण्या राष्ट्रप्रमुखाला द्यायची झाली तर कशी तयारी लागते? – विणकर, येवला

पहिली गोष्ट, पूर्ण लुगडं देण्याचा मोह टाळा. ज्यांच्याकडे साडी नेसत नाहीत त्यांच्या घरी ते कपाटात पडतं. पैठणीच्या काठाचा स्टोल किंवा चौकटीत बसवलेला पदर वापरात येतो, भिंतीवर दिसतो. दुसरं, हातमागाचाच माल द्या आणि तसा शिक्का, शुद्ध रेशमाची खूण असलेलं सिल्क मार्कचं लेबल, जरीचा प्रकार कार्डावर लिहा. यंत्रमागाची नक्कल निघाली तर अपमान विणकराचा नाही, देशाचा होतो. ओळखायला उलटी बाजू दाखवा. हातमागावरच्या पैठणीची नक्षी मागूनही समोरसारखीच स्वच्छ दिसते, यंत्रावरच्या मालाला मागे सुटे धागे लोंबतात. कार्ड पाहुण्याच्या भाषेत हवं आणि त्यात येवला हे नाव हवं. घडी मलमलीत, डांबरगोळी कपड्याला न लावता. आणि अत्तर अजिबात नको, जरी काळवंडते.

निवड परराष्ट्र खात्याचा प्रोटोकॉल विभाग करतो, तिथल्या दूतावासाकडून माहिती घेऊन. अभ्यासाचं एक चांगलं उदाहरण जून २०२३ चं. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडेन भाषणांत आयरिश कवी येट्स यांच्या ओळी नेहमी म्हणत, म्हणून त्यांना येट्स आणि पुरोहित स्वामी यांनी मिळून इंग्रजीत आणलेल्या दहा उपनिषदांची १९३७ ची पहिली आवृत्ती दिली गेली. पुरोहित स्वामी आपल्या अमरावतीजवळच्या बडनेऱ्याचे. किंमत किती, हा प्रश्नच तिथे उरत नाही.

द्राक्षं, मनुका, वाईन याबद्दल येवल्याहून कुणी विचारलं नाही, पण दिंडोरीहून विचारतील म्हणून सांगतो: खाण्यापिण्याच्या वस्तू अमेरिकेत अध्यक्षांच्या सुरक्षा यंत्रणेकडे जातात, त्यांच्या ताटात नाही. वाईन देण्याआधी पाहुण्याचा धर्म आणि सवय बघा. आणि रोपं, कच्चं लाकूड? टोकियोहून वॉशिंग्टनला १९१० मध्ये गेलेली २,००० चेरीची झाडं कीड सापडल्यानं जाळावी लागली होती. जपाननं न रागावता १९१२ मध्ये ३,०२० नवी, निरोगी झाडं पाठवली, त्यांतली काही आजही फुलतात.

ओबामांनी ब्रिटनच्या पंतप्रधानांना सिनेमाच्या डीव्हीडी दिल्या आणि ब्रिटिश चिडले, असं वाचलं. इतकं काय त्यात? – वाचक, सिन्नर

मार्च २००९ ची गोष्ट. गॉर्डन ब्राउन यांनी नेलेला पेनस्टँड गुलामांच्या व्यापाराविरुद्ध गस्त घालणाऱ्या गॅनेट या जहाजाच्या लाकडाचा होता. देण्यात खोच होती: ओबामा ज्या टेबलावर बसत ते टेबलही रेझोल्यूट या ब्रिटिश जहाजाच्या लाकडाचं, व्हिक्टोरिया राणीनं १८८० मध्ये पाठवलेलं. शिवाय चर्चिल यांचं सात खंडांचं चरित्र. परतभेट आली ती २५ अमेरिकी चित्रपटांच्या डीव्हीडींची. त्यातही अमेरिकेची डीव्हीडी विभाग १ ची, ब्रिटनचा प्लेअर विभाग २ चा, म्हणजे लावली तरी चालायची नाही.

त्याच वेळी चर्चिल यांचा अर्धपुतळा व्हाइट हाउसमधून परत गेल्याची ओरड झाली. तो बुश यांना उसना दिलेला होता आणि त्यांच्या कारकिर्दीबरोबर मुदत संपली होती, पण हे आधी जाहीर सांगायला कुणाला सुचलं नाही. धोरणावर परिणाम म्हणाल तर शून्य. अफगाणिस्तानात अमेरिकेखालोखाल सैन्य ब्रिटनचंच राहिलं. वृत्तपत्रांत मात्र ब्राउन यांची पत कमी झाली.

चूक सुधारलीही गेली. २०११ मध्ये लंडनमधल्या शाळेत ओबामा आणि ब्राउन यांच्यानंतरचे पंतप्रधान कॅमेरून टेबल टेनिस खेळले आणि डाउनिंग स्ट्रीटवर जवानांना बर्गर भाजून दिले. पुढच्या वर्षी कॅमेरून यांनी टेबल टेनिसचं टेबल नेलं, ओबामांनी भाजायची शेगडी दिली.

मिळालेली भेट नेता घरी नेतो का? – पंचवटी

सरसकट नाही. आपल्याकडे ती मिळाल्यापासून ३० दिवसांत परराष्ट्र खात्याच्या तोषखान्यात, म्हणजे भेटवस्तूंच्या भांडारात, दाखवावी लागते. मूल्यांकन ₹५,००० पर्यंत आलं तर ठेवता येते, वर गेलं तर फरक भरून घ्यायची किंवा तिथेच सोडायची. अमेरिकेत २०२३ मध्ये ही मर्यादा ४८० डॉलर होती आणि यादी छापून प्रसिद्ध होते. म्हणून तर जिल बायडेन यांना मिळालेल्या, प्रयोगशाळेत घडवलेल्या साडेसात कॅरटच्या हिऱ्याची किंमत २०,००० डॉलर लावली गेली हे आपल्याला इथे बसून कळलं.

नेपाळच्या नोटा कधीकाळी आपल्या नाशिकरोडला छापत, हे खरं का? मग बंद का झालं? – निवृत्त प्रेस कामगाराचा मुलगा, जेलरोड

खरं. १९४५ ते १९५५ नेपाळच्या नोटा इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या गेल्या. पुढे नेपाळनं जागतिक निविदा काढायला सुरुवात केली. छपाईचा दर, कागद आणि सुरक्षा चिन्हं यांवर काम मिळतं, आणि गेली अनेक वर्षं ते चिनी सरकारी कंपनीकडे गेलं.

पण आता दरापलीकडची अडचण आहे. २०२४ मध्ये नेपाळच्या मंत्रिमंडळानं १०० रुपयांच्या नोटेवर लिपुलेख, कालापानी, लिंपियाधुरा दाखवणारा नकाशा घ्यायचं ठरवलं. हा भाग आपण आपला मानतो. तेव्हा दर कितीही कमी लावला तरी ती प्लेट भारतातल्या सरकारी प्रेसला बनवता येणार नाही. काम ऑक्टोबर २०२४ मध्ये चीनकडे गेलं. सीमेवरच्या सोनौलीपासून जनकपुरापर्यंत जिथे भारतीय आणि नेपाळी रुपया एकाच गल्ल्यात पडतात, तिथे हा नकाशा आता दररोज हातोहात फिरतो.