व्यंगचित्रातलं व्यंग कुणाचं?

दादरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या आठवीतल्या मुलीने मराठीच्या निबंधात ‘व्यंग्यचित्र’ लिहिलं. बाईंनी ‘ग्य’भोवती लाल गोल काढून अर्धा गुण कापला. मुलगी म्हणते, हिंदीच्या पुस्तकात असंच छापलंय. ताईंची शंका वेगळीच : “व्यंग म्हणजे खोट, उणीव. मग माणसातली खोट दाखवणारं चित्र ते व्यंगचित्र, असंच ना? ऐकायलाच कसंतरी वाटतं. आणि अर्कचित्र म्हणतात ते हेच का?”

आधी लाल गोलाचं बघू. मराठीत रुळलेलं रूप ‘व्यंगचित्र’ हेच. वर्तमानपत्रांत, दिवाळी अंकांत तेच दिसतं. परीक्षेतही तेच लिहावं. पण पोरीने लिहिलेलं मला चूक म्हणवत नाही. उलट शब्दाचं खरं घर तिने नकळत दाखवलंय.

‘व्यंग’ म्हणजे वि + अंग. अंगात काही उणं असणं. चेहऱ्यावर काळसर डाग उठतात त्यांना आपण वांग म्हणतो ना, त्या विकाराचं आयुर्वेदातलं नाव ‘व्यंग’च, वांग हे त्याचंच घरात वापरून झिजलेलं रूप. मराठीत आजही जन्मजात व्यंग, शारीरिक व्यंग असंच म्हणतात. तेव्हा ताईंना खटकलं ते योग्यच खटकलं.

‘व्यंग्य’चं गोत्र निराळं. तो ‘अंज्’ धातूवरून आला. व्यक्त, व्यंजना, अभिव्यक्ती हे त्याचे भाऊबंद. बाराखडीतलं व्यंजन आणि ताटातलं व्यंजन, दोन्हीही त्याच कुळातली. जे उघड सांगितलेलं नाही, पण सुचवलेलं आहे, ते व्यंग्य. काश्मीरच्या आनंदवर्धनाने नवव्या शतकात ‘ध्वन्यालोक’ लिहिला तो सगळा या न बोललेल्या अर्थापायी. काव्यशास्त्रात त्याचं ठरीव उदाहरण ‘गंगेवर गवळीवाडा’ असं आहे. आपण ते वरळीला आणू. कुणी सहज म्हणतो, “मुलाने समुद्रावर फ्लॅट घेतला.” समुद्रावर फ्लॅट कसा असेल? म्हणजे किनाऱ्यावर, ही झाली लक्षणा. आणि मुलाने भरपूर पैसा कमावलाय, हे न बोलता आपल्या कानात घातलं, ते व्यंग्य.

‘व्यंग्य’ म्हणताना शेवटचा ‘य’ जिभेवर टिकत नाही. तो गळला आणि दोन निराळे शब्द दिसायला जुळे झाले. काही जण म्हणतील, व्यंगचित्रात नाक लांब काढतात, पोट सुटलेलं काढतात, म्हणजे मूळ शब्द ‘व्यंग’च. मला ते पटत नाही. नुसती खोट दाखवणारं चित्र एकदा हसवतं, दुसऱ्यांदा ओशाळं करतं. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन आठवा. चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा. त्याच्यात हसण्यासारखं व्यंग कुठलं? तो बोलतही नाही, पुढाऱ्यांच्या गर्दीत नुसता उभा असतो. त्याच्या उभं राहण्यातून जे कळतं ते व्यंग्य. त्यातले पुढारी कोण होते हे आज पोरांना सांगावं लागतं, हा गृहस्थ कोण ते सांगावं लागत नाही. वरळी सी-फेसवर त्याचा पुतळा आहे. समुद्रावर फ्लॅट नसलेला बहुधा तो तिथला एकटाच.

बाळ ठाकरे यांनी १९६० साली मुंबईत व्यंगचित्रांचं साप्ताहिक काढलं, त्याचं नाव ‘मार्मिक’. तेही मर्मावरून, व्यंगावर बोट ठेवणं आणि मर्मावर ठेवणं यात फरक आहेच. शि. द. फडणीस यांच्या निःशब्द चित्रांत तर कुणाला टोचणंच नसतं, म्हणून त्यांना ‘हास्यचित्र’ हा शब्द नेमका बसतो. सरसकट सगळ्याला हास्यचित्र म्हणू नये मात्र. काही चित्रं पाहून हसू येत नाही आणि येऊही नये.

आता अर्कचित्र. हा शब्द माझा लाडका, कबूल करतो. ओळखीच्या माणसाचा चेहरा घेऊन काढलेलं ते अर्कचित्र, म्हणजे कॅरिकेचर. तो इटालियन शब्द ‘लादणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आलाय : असलेल्यावर आणखी चढवायचं. आपला ‘अर्क’ अरबीतून आलेला, ओव्याचा अर्क काढतात तो. (मारुतीला वाहतात त्या रुईचं संस्कृत नाव अर्क, ते वेगळं.) म्हणजे तिकडे भर घालायची, इकडे आटवायचं. शिवाय मराठीत माणूसही अर्क असतो : “दिसतो साधा, पण पक्का अर्क आहे!”

गेल्या वर्षी लग्नाच्या एका हॉलमध्ये पाहुण्यांची चित्रं काढायला एक पोरगा बसवला होता. आमच्या मावशीने बसताबसता बजावलं, “नाक लहान काढ हो.” त्याने नाक काढलंच नाही. डोक्यावर सरकवलेला चष्मा, काखेत घट्ट दाबलेली पर्स आणि बुफेच्या रांगेकडे वळलेली मान. बस्स. कागद फिरला तसा प्रत्येक जण म्हणत गेला, “अगंबाई, मावशी!” तो आटवत होता, लादत नव्हता.

‘कार्टून’ तर मुळात नुसता जाड कागद, भित्तिचित्राचा कच्चा आराखडा काढायचा. १८४३ मध्ये लंडनच्या ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने पार्लमेंटच्या भिंतींसाठी आलेल्या अशा आराखड्यांची टर उडवायला आपल्या चित्राला ‘कार्टून’ म्हटलं आणि नाव चिकटलं. आपल्याकडे ते टीव्हीवर गेलं आणि तिथून लोकलच्या डब्यात आलं : “काय कार्टून आहेस रे!” यात राग कमी, लाड जास्त.

तर ताई, मुलीला सांगा, ‘व्यंगचित्र’ लिही. बाईंशी अर्ध्या गुणासाठी भांडायला जाऊ नका. पण तिला बाईंचं चित्र काढावंसं वाटलं, तर लाल पेन विसरू नको म्हणावं. आणि नाक काढायची गरज नाही.