बीएड की प्लास्टिकचे सेन्सर?

इंदूरच्या एका आईचं पत्र आलंय. लेक बीएससी सेकंड इयरला, केमिस्ट्री घेऊन. कॉलेजात एक संशोधक येऊन प्लास्टिकच्या सेन्सरवर बोलून गेले, घामातली साखर ओळखणारे, हवेतला अमोनिया ओळखणारे, आणि तेव्हापासून पोरगी म्हणते मला हेच करायचंय. बाबा म्हणतात आधी बीएड कर, हातात काहीतरी असू दे. आई विचारतेय, हे नक्की आहे काय, आणि ह्यात पोट भरतं का?

ताई, आधी 'आहे काय' ते सांगते, कारण बाबांचा अर्धा राग त्या प्लास्टिक शब्दावरच असणार. प्लास्टिकमधून करंट जात नाही म्हणून तर आपण वायरवर ते चढवतो ना? पण 1977 मध्ये शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर ह्या तिघांनी दाखवलं की एका पॉलिमरला, म्हणजे प्लास्टिक ज्याचं बनतं त्या लांब साखळ्यांच्या पदार्थाला, आयोडीनची वाफ दिली की तो धातूसारखा करंट नेतो, आणि 2000 सालचं केमिस्ट्रीचं नोबेल त्याचंच. (ज्या चकचकीत फिल्मपासून हे सुरू झालं ती शिराकावांच्या लॅबमध्ये कोणीतरी कॅटॅलिस्ट, म्हणजे रिअॅक्शनला वेग देणारा पदार्थ, चुकून हजारपट घातल्यामुळे तयार झाली होती, हे लेकीला जरूर सांगा, प्रॅक्टिकल बिघडलं की कामाला येईल.) मग 1984 मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या रायटन ह्यांच्या ग्रुपने अशा पॉलिमरचा ट्रान्झिस्टर केला, म्हणजे छोट्याशा खुणेवर मोठा करंट कमी-जास्त करणारा स्विच. हल्ली पेडॉट-पीएसएस नावाचं गडद निळं, शाईसारखं मटेरियल वापरतात. ते खारट पाण्यात ठेवलं की आयन, म्हणजे मिठाचे चार्ज असलेले कण, वरवर न चिकटता पार आत शिरतात, त्यामुळे एक व्होल्टच्या आतच करंट चांगला बदलतो. आता त्यावर एन्झाइम बसवा, शुगर तपासायच्या पट्टीत असतं तसलंच, म्हणजे साखर ओळखणार एन्झाइम आणि ती खूण मोठी करून सांगणार प्लास्टिक. एवढीच आयडिया आहे.

खरी मेहनत पुढे आहे, आणि ती लेक्चरमध्ये सहसा कोणी सांगत नाही. हे मटेरियल ओलावा धरतं. पावसाळ्यात डबा उघडा राहिला की शेव सादळते ना, तसंच. आज एक रीडिंग, परवा त्याच सॅम्पलला दुसरं, आणि घामात काय एकटी साखर असते का, मीठ, युरिया, लॅक्टेट, सगळी गर्दी, त्यातून नेमकी साखर वेगळी काढायची. सेन्सर एकदा चालवून दाखवणं फार कठीण नाही, तो महिन्याने पण तेच उत्तर देईल असं करणं कठीण, आणि त्यासाठी एकच मोजमाप पन्नास वेळा करावं लागतं. लेकीचा स्वभाव त्याला बसतो का, माझ्या मते मार्कांपेक्षा हे आधी बघा.

पोटाचं म्हणाल तर सरळ सांगते, 'ऑरगॅनिक सेन्सर' (ह्या प्लास्टिकच्या सेन्सरचंच शास्त्रातलं नाव) ह्या नावाने नोकऱ्यांच्या जाहिराती फारशा दिसत नाहीत. पण इलेक्ट्रोकेमिस्ट्री, पातळ फिल्म बनवणं, डेटा नीट वाचणं, हे हातात बसलं की डायग्नोस्टिक्सवाले, बॅटरीवाले, डिस्प्लेवाले सगळीकडे उपयोग होतो. आणि पीएचडी म्हणजे बाबांच्या खिशातून शिक्षण असं नाही, सीएसआयआर-नेट ह्या देशपातळीवरच्या परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर 2023 पासून महिन्याला 37,000 रुपये आहेत, घरभाडं वेगळं.

तर मी काय करेन? बीएडचा फॉर्म कुठे पळून जात नाही. थर्ड इयरला जॅम, म्हणजे एमएससीची प्रवेश परीक्षा, द्यायला लावा, आपल्या इंदूरजवळच्या सिमरोलच्या आयआयटीत पण त्यातूनच एमएससी होते, केमिस्ट्री आणि फिजिक्स दोन्ही. केमिस्ट्रीवालीला ट्रान्झिस्टरचा धडा जड जातो, तो आत्तापासूनच वाचायला घेऊ दे. आणि त्याआधी एक उन्हाळा लॅबमध्ये काढू दे. विज्ञान अकादमींची दोन महिन्यांची समर फेलोशिप असते, फॉर्म उन्हाळ्याच्या बरेच महिने आधी निघतो, लक्ष ठेवा. नाही मिळाली तर ज्यांचं लेक्चर ऐकलं त्यांनाच तिने स्वतः मेल करावा, बाबांनी नाही हं, आणि एकच गोष्ट विचारावी, "सर, तुमचं डिव्हाइस किती दिवस टिकतं?" उत्तर ऐकून ती खट्टू झाली का अजून दहा प्रश्न घेऊन घरी आली, ते मला कळवा, मग बाबांशी मी बोलते.