बार नेमका कुठे ठेवायचा? स्टील गिटार लांबून शिकणाऱ्यांचे प्रश्न

गेल्या अंकात जाता जाता लिहिलं होतं की स्टील गिटार मी पूर्ण लांबूनच शिकले, आपलं रेकॉर्डिंग पाठवायचं आणि मास्तरांचं उत्तर यायची वाट बघायची, असं वर्षानुवर्षं. त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, ही गिटार मांडीवर किंवा स्टँडवर आडवी ठेवतात, तारा फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर, दाबायच्याच नाहीत, डाव्या हातात धातूचा गुळगुळीत बार धरायचा आणि तो तारांवरून सरकवायचा. स्वर पायऱ्यांनी न जाता घसरत जातो, गळ्यातून मींड निघावी तसा.

ताई, हे वाद्य समोर मास्तर नसताना खरंच येतं का? हात चुकीचा बसला तर आयुष्यभर तसाच राहील अशी भीती वाटते.

येतं हो. आणि लांबून शिकणं या वाद्याला नवीन अजिबात नाही. 19व्या शतकाच्या शेवटी हवाईतल्या ओआहू बेटावर जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी मुलाने ही पद्धत घडवली असं मानतात, मग 1915 ला सॅन फ्रान्सिस्कोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, तिथे लोकांनी हवाईयन संगीत ऐकलं आणि अमेरिकाभर त्याचं वेडच लागलं. 1920 च्या दशकात तर हवाईयन गिटारचे धडे पोस्टाने घरी यायचे. पण तो कागद एकाच दिशेने जायचा, तुम्ही काय वाजवताय हे पाठवणाऱ्याला ऐकू यायचं नाही. आता येतं, आणि माझ्या मते सगळा फरक तिथेच आहे.

तुमच्या भीतीबद्दल. सूर खाली-वर आहे का, नको त्या तारा वाजत राहतात का, लय ढळते का, हे मास्तरांना लांबूनसुद्धा स्वच्छ कळतं, कधीकधी समोर बसल्यापेक्षा जास्त, कारण तीच जागा चार वेळा मागे नेऊन ऐकता येते. कळत नाही ते म्हणजे तुमचा खांदा किती ताठ झालाय, मनगट दुखतंय का, बार तुम्ही जीव मुठीत धरल्यासारखा आवळलाय का. ते तुम्ही शब्दांत लिहायचं, प्रत्येक वेळी. मी सुरुवातीला नाही लिहिलं, सगळं छान चाललंय असं भासवलं, आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागल्यावर तीन आठवडे वाद्य बंद ठेवावं लागलं.

मी 'वैयक्तिक मार्गदर्शन' म्हणून पैसे भरले, पण दर आठवड्याला तयार व्हिडिओ येतो आणि माझ्या रेकॉर्डिंगवर 'छान, सराव चालू ठेवा' एवढंच उत्तर. हे असंच असतं का?

नाही, असं नसतं आणि तुम्ही ते चालवून घेऊ नका. तयार व्हिडिओ वाईट नसतो, बार कसा धरायचा हे प्रत्येकाला नव्याने कशाला सांगायचं, पण मग त्याला वैयक्तिक म्हणू नये. उत्तर तुमच्यासाठी आहे की नाही हे ओळखायला एक सोपी खूण आहे, त्यात तुमच्या रेकॉर्डिंगमधली जागा असायला हवी. 'बेचाळिसाव्या सेकंदाला सातव्या फ्रेटवर येताना तू पुढे निघून जातोस आणि मग मागे येतोस' असं काहीतरी. दुसरी खूण म्हणजे पुढचा धडा त्या चुकीतून निघायला हवा, आणि टॅब, म्हणजे कुठली तार कितव्या फ्रेटवर वाजवायची ते लिहिलेला कागद, तुमच्या ट्युनिंगमध्ये, म्हणजे तुम्ही तारा ज्या स्वरांत लावल्यात त्यात, लिहून यायला हवी. स्टील गिटारला एकच ठरलेलं ट्युनिंग नाही, सी सिक्स्थ, ओपन जी, ओपन डी, ए सिक्स्थ, कितीतरी आहेत, आणि एका ट्युनिंगची टॅब दुसऱ्यावर वाजवली तर धून ओळखूही येत नाही.

आता तुमच्या बाजूचं, कारण थोडं आपणही करायचं असतं. 'कसं वाटलं?' विचारलं की 'छान' उत्तर येणारच. तुम्ही असं विचारा, की पाचव्यावरून सातव्यावर जाताना मधला आवाज पुसला जात नाहीये, उजव्या हाताची चूक आहे की डाव्या? असं विचारल्यावरही 'छान' येत असेल तर दुसरे मास्तर शोधा, मनाला लावून घेऊ नका.

मी अकरावीत आहे. घरी साधी अकूस्टिक गिटार आहे. स्टील गिटार नवीन घ्यायलाच लागेल का?

नको घेऊस, आत्ता तरी नको. नट म्हणजे मानेच्या टोकाशी तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी. साध्या गिटारला तारा उचलणारा एक छोटा धातूचा नट मिळतो, तो आहे त्या नटवर बसतो, खिळे नाहीत की गोंद नाही, आणि तारा एवढ्या वर येतात की बार फ्रेटला आपटत नाही. तो आणि एक बार, सुरुवातीला बास.

पण ट्युनिंगच्या बाबतीत नीट वाच. डोब्रो, म्हणजे पोटात धातूची तबकडी असलेली आणि अशीच बारने वाजवायची गिटार, वाजवणारे बहुतेक जण जाड तारेपासून जी, बी, डी, जी, बी, डी असं लावतात. तू तुझ्या आहे त्या तारांवर ते लावायला जाऊ नकोस, सहावी, म्हणजे सगळ्यात जाड, तार तीन अर्धस्वर आणि पाचवी दोन अर्धस्वर वर ताणावी लागते, तार तुटेल आणि गिटारवर उगाच ताण येईल. त्याऐवजी डी, जी, डी, जी, बी, डी लाव. सहावी, पाचवी आणि पहिली एक-एक पूर्ण स्वर खाली आणायची, बाकी तीन आहेत तशाच. झालं ओपन जी. आता बार न लावता सगळ्या तारा छेडल्या की जी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे जुळते स्वर, पाचव्या फ्रेटवर बार आडवा ठेवला की सी, सातव्यावर डी, बाराव्यावर पुन्हा जी. या एवढ्यावर कितीतरी गाणी निघतात. मास्तरांना पहिल्याच निरोपात सांग की साधी गिटार आहे आणि ट्युनिंग हे आहे, नाहीतर ते दुसऱ्याच ट्युनिंगची टॅब पाठवतील.

मी बार बरोबर फ्रेटवर ठेवतो, तरी मास्तर म्हणतात सूर खाली आहे. व्हिडिओत सुद्धा बरोबरच दिसतं. मग चूक कुठे?

या प्रश्नाला जरा जास्त जागा देते, कारण हे सुटलं की अर्धं वाद्य सुटलं.

आधी एक विचारते, तुम्ही पूर्वी साधी गिटार वाजवलीय का? तिथे बोट फ्रेटच्या किंचित मागे दाबतात आणि स्वर फ्रेट ठरवतो. इथे फ्रेट म्हणजे नुसती रंगवलेली रेघ आहे असं समजा, स्वर ठरतो जिथे बार तारेला टेकतो तिथे. त्यामुळे बारचा मध्य बरोब्बर रेघेवर पाहिजे. जुनी सवय बोटांत राहते आणि बार नकळत मागेच थांबतो, सूर खाली.

दुसरं, तुमचे डोळे. तारा फ्रेटपासून बऱ्याच वर आहेत आणि तुम्ही बघताय तिरकं. अशात बार रेघेवर 'दिसतो' आणि असतो दोन मिलिमीटर इकडे किंवा तिकडे. दोन मिलिमीटर म्हणजे किती ते सांगते. लॅप स्टील म्हणजे मांडीवरची स्टील गिटार, तिच्या तारेची वाजणारी लांबी साडेबावीस इंच असेल तर नटपासून पहिल्या फ्रेटपर्यंत साधारण 32 मिलिमीटर अंतर असतं आणि बाराव्यावरून तेराव्यावर जायला फक्त 16. म्हणजे वर गेलात की तेवढीच चूक दुप्पट बेसूर ऐकू येते. खाली 'चालून जातं' ते वर चालत नाही, आणि नवीन माणसाला वाटतं आपल्याला वरचे स्वर जमतच नाहीत. जमतात. हात तसाच आहे, जागा लहान झालीय.

आणि व्हिडिओचं म्हणाल तर कॅमेरा कुठे ठेवलाय? समोरून घेतलेल्या व्हिडिओत मास्तरांना तुमच्या गिटारची कड दिसते आणि तुमचा चेहरा, बार कुठे आहे ते कळतच नाही. फोन डाव्या हाताच्या सरळ वर लावा, खाली बघणारा, इतका जवळ की रेघ आणि बार दोन्ही स्पष्ट दिसतील. आठवड्यातून एक व्हिडिओ उजव्या बाजूने पण द्या, म्हणजे तळहाताची कड तारा थांबवते का ते दिसेल, आणि डाव्या हाताची मागची बोटं बारच्या मागून तारांवर हलकी टेकलेली आहेत का तेही. ती वर उचलली गेली की बार आणि नटच्या मधला तारेचा तुकडा वाजतो आणि सूर बरोबर असूनही सगळं गढूळ ऐकू येतं.

सरावाचं सांगते, मला स्वतःला ज्याचा सगळ्यात उपयोग झाला. व्हायब्रॅटो, म्हणजे बार पुढे-मागे हलवून स्वर थरथरवणं, पूर्ण बंद, निदान महिनाभर. व्हायब्रॅटोखाली बेसूरपणा लपतो, आपल्यापासूनसुद्धा, आणि मास्तरांना मधला खरा स्वर पकडायला त्रास होतो. ओपन जी असेल तर तिसरी तार मोकळी छेडा, तो जी, आणि बारचं टोक फक्त पहिल्या तारेवर ठेवून पाचव्या फ्रेटवर या, तो वरच्या सप्तकातला जी. दोन्ही एकत्र वाजू द्या. जुळले नसतील तर आवाजात एक थरथर ऐकू येईल, बार केसभर सरकवत जा, थरथर मंद होत होत थांबेल. डोळे मिटून करा हे. मग डोळे उघडून बघा बार कुठे आहे. चार-पाच दिवसांत कान पुढे आणि डोळे मागे अशी अदलाबदल व्हायला लागते. आणि सरकण्याआधी तो स्वर गुणगुणा हो, ज्या स्वरावर जायचंय तो गळ्यात नसेल तर हात शोधत बसतो.

मास्तरांना त्याच दिवसाचं न कापलेलं एक मिनिट पाठवा. दहा वेळा वाजवून त्यातलं चांगलं निवडून पाठवाल तर ते तुमच्या चांगल्या दिवसावर उत्तर देतील, आणि तुम्हाला अडतंय ते वाईट दिवशी.

ट्यूनर सगळ्या तारांवर हिरवा दाखवतो तरी कॉर्ड आंबट लागते. ट्यूनर खराब आहे का?

ट्यूनर ठीक आहे आणि तुमचा कान त्याहून ठीक आहे. ट्यूनर सप्तकाचे बारा समान भाग करतो, त्यात मोठा गांधार, म्हणजे जी कॉर्डमधला बी, शुद्ध जुळणीपेक्षा सुमारे 14 सेंट वर असतो. सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग. साध्या गिटारवर हे खपतं, पण इथे स्वर लांब टिकतो, बार आडवा ठेवून सगळी कॉर्ड एकदम वाजते, त्यामुळे ते टोचतं. म्हणून बरेच स्टील वाजवणारे ती तार मुद्दाम खाली लावतात. जी आणि डी ट्यूनरने लावा, बी कानाने हळूहळू उतरवा, जिथे कॉर्ड शांत होईल तिथे थांबा. कीबोर्डबरोबर वाजवायचं असेल तर इतकं खाली नका नेऊ, मधे कुठेतरी ठेवा. आणि किती ठेवलंय ते मास्तरांना कळवा, नाहीतर ते लांबून म्हणणार तार उतरलीय.

व्हिडिओ कॉलवर माझा लांब स्वर मधेच गायब होतो, मास्तर म्हणतात काही ऐकू येत नाही. इंटरनेट चांगलं आहे.

नेटचा दोष नसावा. कॉलचं ॲप बोलणं सोडून बाकी सगळं गोंगाट समजून कापतं, आणि स्टील गिटारचा लांब एकसारखा स्वर त्याला पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो. सेटिंगमध्ये गोंगाट कमी करणारा पर्याय बंद करा, झूममध्ये संगीतवाल्यांसाठी 'ओरिजिनल साउंड' आहे तो चालू करा. हेडफोन लावा. आणि एकत्र वाजवायचा प्रयत्न सोडा, आवाज पोचायला लागणारा तो क्षणभराचा उशीर लयीला पुरेसा मारक आहे. एकाने वाजवायचं, दुसऱ्याने ऐकायचं. मी तर कॉल फक्त बोलायला ठेवते, वाजवलेलं नेहमी रेकॉर्ड करून पाठवते.

थेट पेडल स्टीलपासून सुरू करू का? मला तोच आवाज आवडतो.

आवडतो तोच असेल तर करा, आधी लॅप स्टील शिकलंच पाहिजे असा नियम नाही. फक्त काय आहे ते माहीत असू द्या. नेहमीचं ई नाइन्थ ट्युनिंगचं वाद्य म्हणजे दहा तारा, तीन पेडल, गुडघ्याने ढकलायचे चार-पाच लिव्हर, आणि उजव्या पायाखाली व्हॉल्यूम पेडल. बड आयझॅक्सने 1954 मध्ये गाजलेल्या एका कंट्री गाण्यात चालू स्वर पेडलने वर वाकवला आणि तेव्हापासून सगळे त्याच्या मागे लागले. लांबून शिकताना अडचण ही की मास्तरांना हात, पाय आणि गुडघे तिन्ही दिसायला हवेत, एका फोनमध्ये ते मावत नाही. त्यामुळे दोन फोन लावा किंवा तोच तुकडा दोनदा घ्या. आणि वाद्य जुनं घेत असाल तर आधी मास्तरांना प्रत्येक पेडल दाबून कुठली तार किती हलते त्याचा व्हिडिओ पाठवा, सगळ्या वाद्यांची जोडणी सारखी नसते.

वय 61, बोटांचे सांधे धरतात. उशीर झालाय का?

उशीर नाही झाला. उलट साध्या गिटारपेक्षा इथे सांध्यांना काम कमी, तारा दाबायच्याच नाहीत, बारचं वजनच तारेला पुरतं, तुम्ही फक्त दिशा द्यायची. गोल गुळगुळीत बार हातातून निसटत असेल तर बाजूंना खोबणी असलेला बार मागा, पकडायला सोपा पडतो. पिक, म्हणजे तारा छेडायला बोटांवर घालायच्या नख्या, घट्ट बसवू नका. पहिला महिना एका बैठकीला पंधरा मिनिटं, दुखलं की थांबायचं, आणि कुठलं बोट कधी धरतं ते मास्तरांना पहिल्याच पत्रात लिहा, म्हणजे बार तिरका धरायचे धडे ते तुमच्यासाठी पुढे ढकलतील.