बेळगावात मन रमेना, त्यात पीएफ काढून प्लॉट घ्यायचा का?

प्रश्न : माझं वय ३४. चिंचवडला एका कंपनीत अकाउंट्समध्ये ८ वर्षं २ महिने नोकरी केली. लग्नानंतर ती सोडून बेळगावला आले, त्याला वर्ष होऊन गेलं. यजमान उद्यमबागमध्ये फाउंड्रीत सुपरवायझर आहेत, हातात ४६ हजार येतात. हिंदवाडीत ९ हजार भाड्याने राहतो. सासू-सासरे वडगावला असतात. इथे माझं मन लागत नाही. कन्नड येत नाही, ओळखी नाहीत, दिवसभर घरात एकटी असते. घरचे म्हणतात, स्वतःची जागा झाली की मन रमेल. पिरनवाडीच्या बाजूला २ गुंठे जागा २४ लाखांना मिळते आहे. माझा पीएफ ७ लाख ६० हजार, बँकेतली एफडी ६ लाख, दागिन्यांवर ३ लाख आणि उरलेलं यजमानांचं कर्ज, असं जमवायचं ठरतंय. खरेदी यजमानांच्या नावावर होईल. माझी जुनी कंपनी परत बोलावते आहे, हातात ५८ हजार मिळतील. काय करू? एजंटाने दिलेल्या कागदाचा फोटो सोबत पाठवते आहे.

उत्तर : ताई, ही जागा आत्ता घेऊ नका आणि पीएफला हात लावू नका.

तुमच्या सासरच्या माणसांबद्दल आधी लिहितो. सून परगावाहून आली, तिचं मन लागत नाही हे त्यांना दिसतंय आणि त्यांना सुचेल तो उपाय ते करताहेत. हा जिव्हाळा मला पत्रातून दिसला. पण उपाय चुकीच्या ठिकाणी चाललाय. तुम्ही पत्रात ज्या गोष्टी नाहीत म्हणून सांगितल्यात, त्या भाषा, ओळखी आणि काम या आहेत. जागा नाही म्हणून त्रास होतोय असं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. पिरनवाडीच्या मोकळ्या रानात २ गुंठे घेतल्याने यातलं काहीही मिळणार नाही. उलट तुमच्या हातातला सगळा पैसा त्यात अडकेल आणि मग दुसरं काही करायची सोय राहणार नाही.

आता तो कागद. शंभराच्या बाँडवर कन्नडमध्ये लिहिलेलं संचकारपत्र, म्हणजे विसार देऊन केलेला करार, आहे ते. तुम्हाला वाचता आलं नाही, म्हणून त्यात काय आहे ते सांगतो. पहिल्याच परिच्छेदात ‘कृषी जमीन’ असा उल्लेख आहे. सर्व्हे नंबर आहे, पण प्लॉट नंबर नाही. १ एकर १२ गुंठ्यांपैकी २ गुंठे, एवढंच लिहिलंय. चतुःसीमेत पूर्वेला आणि दक्षिणेला ‘मालकाची उरलेली जमीन’ असं आहे, म्हणजे तुमचा तुकडा नेमका कुठला हे कागदावरून ठरतच नाही. वीस फुटी रस्ता सोडल्याचं म्हटलंय, पण तो कोणाच्या नावावर राहणार, यावर एक ओळही नाही. बिनशेतीचा आदेश नाही, बुडाचा (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचा) मंजूर लेआउट नाही, ई-खात्याचा (मिळकतीच्या संगणकीकृत उताऱ्याचा) उल्लेख नाही.

एजंट तुम्हाला सांगेल की आता कर्नाटकात शेतजमीन कोणीही घेऊ शकतं. २०२० च्या दुरुस्तीनंतर ते खरं आहे, शेतकरी असण्याची अट गेली. पण शेतजमीन विकत घेता येणं वेगळं आणि तिच्यावर घर बांधता येणं वेगळं. त्यासाठी कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या कलम ९५ खाली बिनशेती व्हावी लागते, लेआउट मंजूर व्हावा लागतो, मग प्लॉटचा स्वतंत्र उतारा निघतो. हे नसेल तर बांधकामाचा परवाना नाही, आणि बँक गृहकर्जही देत नाही. म्हणूनच तुमच्या यजमानांना ‘उरलेलं कर्ज’ वैयक्तिक कर्ज म्हणून काढावं लागणार आहे. बेळगावच्या चारी बाजूंना, कंग्राळीकडे, मच्छेकडे, सांबऱ्याकडे, असे गुंठ्यांचे तुकडे घेऊन वर्षानुवर्षं उताऱ्याच्या मागे फिरणारी कितीतरी कुटुंबं आहेत.

हिशेब मांडून बघू. २४ लाखांतून तुमचा पीएफ, एफडी आणि दागिन्यांचे पैसे वजा केले की ७ लाख ४० हजार उरतात. वैयक्तिक कर्ज १२ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी धरलं तर हप्ता साडेसोळा हजारांच्या आसपास बसतो. दागिन्यांवरच्या ३ लाखांचं नुसतं व्याज महिन्याला अडीच हजारांच्या घरात जाईल. भाडं ९ हजार चालूच राहणार, कारण त्या जागेवर राहता येणार नाही. ४६ हजारांतून हे गेलं की दोघांच्या संसाराला १८ हजार उरतात. आणि यात खरेदीचा खर्च धरलेलाच नाही. कर्नाटकात मुद्रांक शुल्क ५ टक्के, त्यावर उपकर आणि अधिभार, शिवाय ३१ ऑगस्ट २०२५ पासून नोंदणी शुल्क १ टक्क्यावरून २ टक्के झालंय. मिळून साडेसात टक्क्यांच्या वर जातं, म्हणजे २४ लाखांवर १ लाख ८० हजार तरी धरा. ते कुठून आणणार, हे तुमच्या पत्रात नाही.

वर्षभराने तुम्हाला पुण्याला परतावंसं वाटलं, किंवा यजमानांना दुसरीकडे चांगली नोकरी लागली, तर हे १ लाख ८० हजार परत येत नाहीत. २४ महिन्यांच्या आत विकलं तर होणारा नफा नेहमीच्या उत्पन्नात धरून कर लागतो. शिवाय पैसे तुमचे आणि नाव यजमानांचं असेल, तर तुमच्या पैशांच्या वाट्याचा नफा करासाठी तुमच्याच उत्पन्नात धरला जातो. म्हणजे कर तुम्हाला, आणि उताऱ्यावर तुमचं नाव नाही. नवरा-बायकोत संशय पेरायचा म्हणून मी हे लिहीत नाही. ज्याचा पैसा त्याचं नाव, एवढा साधा नियम घरात पाळला की पुढे दोघांनाही बोलणं सोपं जातं.

पीएफबद्दल जरा सविस्तर सांगतो. नोकरी सुटली म्हणजे पीएफ बंद पडतो, हा गैरसमज फार पसरलेला आहे. तुमच्या खात्यावर ५८ व्या वर्षापर्यंत व्याज चालू राहतं. २०२४-२५ साठी दर ८.२५ टक्के होता. नोकरी सोडल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो, एवढं विवरणपत्र भरताना लक्षात ठेवा. हाच दर टिकला असं धरलं, तर आजचे ७ लाख ६० हजार तुम्ही ५८ च्या व्हाल तेव्हा करापूर्वी ५० लाखांच्या आसपास होतात. दर दरवर्षी जाहीर होतो, तो खालीवर होईल. पण इतक्या कमी जोखमीत इतका दर देणारं दुसरं ठिकाण तुमच्यापाशी नाही.

आणि तुमच्या ८ वर्षं २ महिन्यांना एक वेगळी किंमत आहे. पीएफसोबत ईपीएस ही पेन्शन योजना असते. तिच्यात १० वर्षं सेवा झाली की ५८ व्या वर्षापासून आयुष्यभर पेन्शन लागू होते, आणि शेवटचे सहा महिने किंवा जास्त असतील तर पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे तुम्हाला आणखी १६ महिनेच हवेत. १५ हजारांच्या मर्यादेवर १० वर्षांची पेन्शन महिना २१४३ रुपये बसते. रक्कम लहान आहे, मान्य. पण पीएफसोबत पेन्शनची रक्कमही काढून मोकळ्या झालात तर ही ८ वर्षंही पुसली जातील आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात होईल.

इथूनच मी तुमच्या नोकरीच्या प्रश्नावर येतो, कारण मला यातच तुमची वाट दिसते. वर्षानंतर कंपनी स्वतःहून बोलावते, म्हणजे त्यांना तुमची गरज आहे. ५८ हजारांतून पुण्यातली खोली, जेवण आणि महिन्यातून दोनदा येणं-जाणं वजा केलं तरी ३० ते ३५ हजार मागे राहतील. ही रक्कम मी हलकी लेखत नाही. पण लगेच ‘येते’ असं सांगून बॅग भरू नका. आधी त्यांना विचारा, की बेळगावातून काम करून महिन्यातून चार-पाच दिवस चिंचवडला आले तर चालेल का. अकाउंट्सचं निम्म्याहून अधिक काम आता संगणकावरच होतं. पुणे-बेळगाव रात्रीच्या गाडीने जाता येतं, हुबळी-पुणे वंदे भारतही बेळगावला थांबते. पगार ८-१० हजारांनी कमी देऊ केला तरी घ्या, भाडं-खानावळ वाचते. जुन्याच यूएएन, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकावर पीएफ सुरू होईल आणि ते १६ महिने भरायला लागतील.

कंपनी नाही म्हणाली, तर पुण्याला जायच्या आधी इथे सहा महिने नेटाने शोधा. उद्यमबाग आणि मच्छेच्या औद्योगिक वसाहतींत जीएसटी, टॅली, ई-वे बिल सांभाळणारी माणसं लागतात. तिथे मराठी आणि हिंदीवर ऑफिसचं काम चालतं. २० किंवा जास्त माणसं असलेला कारखाना बघा, कारण तिथे पीएफ लागतो. पगार पुण्याच्या मानाने कमी वाटेल, मनाला लागेलही. तरी घ्या. घराबाहेर रोज आठ तास माणसांत असणं तुम्हाला सध्या पगाराइतकंच हवंय.

आता ६ लाखांची एफडी. तुमच्या सासूबाई ती मोडून जास्त व्याजाच्या सोसायटीत ठेवायचं म्हणतील, आपल्या भागात हे घरोघरी होतं, रोजची बचत गोळा करणारा पिग्मी एजंट दारात येतोच. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेला आणि सोसायटीला ते नाही. एवढं एक कारण मला पुरेसं आहे.

त्या ६ लाखांतले अडीच लाख अडीअडचणीसाठी तुमच्या एकटीच्या नावाच्या खात्यात ठेवा. अडीच लाख आहेत तसे राहू देत. आणि १ लाख इथे रुळण्यासाठी खर्च करा. हो, खर्चच करा. रुळायला पैसे लागतात, आणि लोक लग्नात लाखो रुपये घालतात पण यासाठी एक पैसाही बाजूला काढत नाहीत. कन्नड बोलायची आणि लिहिता-वाचता येण्याची शिकवणी लावा. ती लावली असती तर एजंटाचा तो कागद तुम्ही स्वतः वाचला असता. गाडी घ्या, म्हणजे टिळकवाडीला जायला यजमानांची वाट बघायला नको. तुमची स्कूटर आईकडे चिंचवडला असेल तर ती आणता येईल, फक्त दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवायची तर आरटीओचा ना-हरकत दाखला आणून इथे केए-२२ मध्ये नोंदणी करावी लागते आणि कर भरावा लागतो. जुनी गाडी असेल तर इथेच सेकंडहँड घेणं स्वस्त पडेल. गणपत गल्लीतल्या सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व घ्या. दोन-तीन महिन्यांतून एकदा आईकडे जाण्याचं भाडंही याच लाखातून घ्या, म्हणजे दरवेळी कोणाला विचारावं लागणार नाही.

आधारवरचा पत्ता अजून चिंचवडचा असेल तर तो बदलून घ्या. कर्नाटकचा पत्ता झाला की शक्ती योजनेत राज्याच्या साध्या बसने मोफत फिरता येतं, बँकेची केवायसी सुटते. भाडेकरूंनाही गृहज्योतीत वीजबिलाची सवलत मिळते, घरमालकाशी बोलून बघा. नोकरी गेली तेव्हा कंपनीचा आरोग्य विमाही गेला असणार. दोघांची स्वतंत्र पॉलिसी याच महिन्यात घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही.

यजमानांशी एक गोष्ट बोला. तुमचं उत्पन्न सुरू होईपर्यंत त्यांनी पगाराच्या दिवशी ५ हजार तुमच्या खात्यात टाकावेत, घरखर्चाव्यतिरिक्त. ८ वर्षं स्वतः कमावलेल्या बाईला भाजीच्या पिशवीसाठीही हात पुढे करावा लागतो, तेव्हा गाव परकं वाटण्याचा निम्मा भाग तिथून येतो. तुम्ही हे पत्रात लिहिलं नाहीत, पण दागिने गहाण टाकायला तुम्ही इतक्या सहज तयार झालात त्यावरून मला ते जाणवलं.

जागा पुढे घेऊच नका असं मी म्हणत नाही. तुमचं उत्पन्न सुरू होऊन वर्ष झालं आणि दोघांनाही इथेच राहायचं असं वाटलं, की बघा. तेव्हा बुडाचा मंजूर लेआउट, बिनशेती आदेश, ई-खाता आणि मागच्या ३० वर्षांची ईसी (जागेवर बोजा आहे का, याचा दाखला), एवढे कागद वकिलाकडून तपासून घ्या, आणि खरेदीपत्रात तुमचं नाव तुमच्या पैशांच्या हिश्शासह लिहून घ्या. असा प्लॉट गुंठ्याला महाग पडेल, पण त्यावर बँक कर्ज देईल, म्हणजे पीएफ मोडायची वेळ येणार नाही.

सासऱ्यांना नाही कसं म्हणायचं, ही तुमची अडचण असणार. नाही म्हणूच नका. या आठवड्यात त्यांनाच सोबत घेऊन एजंटाकडे जा आणि बिनशेतीचा आदेश व बुडाचा मंजूर नकाशा मागा. त्यांना तुमच्यापेक्षा कन्नड चांगलं येतं, कागद त्यांनाच वाचू द्या. तोपर्यंत संचकार म्हणून एक रुपयाही देऊ नका, आणि बाँडवर यजमानांची सही होऊ देऊ नका.